स्कीच्या सामानातले प्लास्टिक आणि त्यावरचे थर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला किंवा औलीला स्कीचा कोर्स करायला महाराष्ट्रातून बरीच मंडळी जातात. बहुतेकांना ट्रेकिंगची सवय असते, सॅक आणि बुटांतले कळत असते. पण स्कीच्या दुकानात शिरले की ज्याला त्याला ‘कोटिंग’ असते: तळाला कोटिंग, काचेला कोटिंग, जॅकेटला कोटिंग, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. यातले काही थर मिलिमीटरभर जाड असतात, काही डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि एक-दोन ठिकाणी कोटिंग हे नुसते विक्रेत्याचे बोलणे असते. कुठला थर काय काम करतो आणि किती दिवस करतो, एवढे समजले की निम्मी खरेदी टळते.

स्कीच्या तळाला प्लास्टिकचे कोटिंग असते. ते निघून जाते का?

ते मुळात कोटिंग नाही, तळाला चिकटवलेली सलग पट्टी आहे, साधारण एक ते दोन मिलिमीटर जाड. प्लास्टिक म्हणाल तर पॉलिथिलीन. दुधाची पिशवीही पॉलिथिलीनचीच, पण स्कीचे पॉलिथिलीन ‘अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट’ जातीचे. त्यातल्या रेणूंच्या साखळ्या नेहमीच्यापेक्षा कितीतरी पट लांब आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे घासून ते सहजी झिजत नाही आणि पाणी त्याला धरत नाही. गुडघा बदलतात तेव्हा धातूच्या दोन भागांमध्ये जी चकती बसवतात, तीही याच प्लास्टिकची. दुकानात याला ‘पी-टेक्स’ म्हणतात. ते एका ब्रँडचे नाव, पण आता सगळ्याच तळांना सर्रास लावले जाते.

लाकडी स्कीच्या काळात नॉर्वे-स्वीडनकडे तळाला पाइनचे डांबर चोपडायचे. मग सेल्युलॉइड आले, आणि 1950च्या दशकात ऑस्ट्रियात पॉलिथिलीनचा तळ निघाला. तेव्हापासून मूळ पदार्थ बदललेला नाही.

प्लास्टिकच का? धातू तर जास्त गुळगुळीत असतो.

स्की घसरते ती बर्फ आणि तळ यांच्यामधल्या पाण्याच्या अतिशय पातळ थरावर. बाउडन आणि ह्यूज या दोन संशोधकांनी 1939 मध्ये दाखवून दिले की हे पाणी मुख्यतः घर्षणाच्या उष्णतेने तयार होते. त्याआधी दाबाने बर्फ वितळतो असा समज होता. आता घर्षण झाले, उष्णता निघाली, पण तळ धातूचा असेल तर तो ती उष्णता ओढून घेतो आणि पाणी पुरेसे बनत नाही. प्लास्टिक उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे ऊब जिथे लागते तिथेच राहते.

पाणी जास्त झाले तरी पंचाईत. मार्चमधल्या दुपारी, बर्फ ओला झाला की स्की खालून कोणी धरून ठेवल्यासारखी वाटते, कारण सपाट तळ पाण्याला चिकटून ओढला जातो. म्हणून तळ आरशासारखा गुळगुळीत ठेवत नाहीत. दगडी चाकावर घासून त्यावर बारीक रेघा पाडतात, म्हणजे पाणी वाट काढून निघून जाते. कोरड्या, फार थंड बर्फासाठी या रेघा बारीक, ओल्या बर्फासाठी मोठ्या. तळावर बोट फिरवून रेघा लागल्या तर ‘स्की खराब आहे’ म्हणून परत करू नका.

सिंटर्ड घ्यावा की एक्स्ट्रुडेड?

एक्स्ट्रुडेड तळ प्लास्टिक वितळवून फटीतून दाबून काढतात. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, वॅक्स (तळाला लावायचे मेण) कमी घेतो, आणि वॅक्स न लावता वापरला तरी फारसा रुसत नाही. सिंटर्ड तळात प्लास्टिकची पूड उष्णता आणि दाबाने घट्ट बसवून ठोकळा करतात आणि त्यावरून पातळ पट्टी तासून काढतात. हा तळ जास्त टणक, वॅक्स भरपूर घेतो, आणि वॅक्स असताना चांगला पळतो. पण वॅक्सविना ठेवला तर महाग सिंटर्ड तळ स्वस्त एक्स्ट्रुडेडपेक्षाही हळू जाऊ शकतो.

वर्षातून एकदा आठवडाभर स्की करणाऱ्याला एक्स्ट्रुडेड पुरतो. दुकानदार हे सांगणार नाही.

काळा तळ वेगवान असतो म्हणतात. रंगामुळे?

रंगामुळे नाही. प्लास्टिकमध्ये ग्रॅफाइट किंवा कार्बनची पूड मिसळलेली असते म्हणून तो काळा दिसतो. घासताना तयार होणारी स्थिर वीज त्यामुळे वाहून जाते आणि धूळ-माती कमी चिकटते. स्पर्धेतल्या स्की बहुधा काळ्या तळाच्या असतात ते यासाठी. शिकताना फरक जाणवणार नाही.

तळ वॅक्स ‘पितो’ म्हणजे काय? वरून नुसते चोळले तर चालते का?

तळात स्पंजसारखी भोके नसतात. पॉलिथिलीनचे काही भाग स्फटिकासारखे नीट रचलेले असतात, काही भाग विस्कळीत. गरम केले की या विस्कळीत भागांत वॅक्सचे रेणू शिरतात आणि थंड झाल्यावर तिथेच राहतात. स्की चालवताना ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. म्हणून गरम इस्त्रीने लावलेले वॅक्स चार-पाच दिवस टिकते आणि वरून चोळलेले दुपारपर्यंत.

इस्त्री वॅक्सची वेगळी घ्यावी. घरच्या कपड्यांच्या इस्त्रीचे तापमान बरेच वर-खाली होते, आणि तळाचे प्लास्टिक 130 ते 135 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागते. इस्त्री एका जागी थांबू द्यायची नाही, सतत पुढे सरकवत न्यायची. मागे ओल्या वॅक्सची वीतभर चमकदार पट्टी दिसत राहिली म्हणजे वेग बरोबर आहे. वॅक्समधून धूर निघाला तर इस्त्री फार तापली. गार झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने जादाचे वॅक्स खरवडून काढायचे, अगदी काहीच उरले नाही असे वाटेपर्यंत, आणि मग ब्रश. नवखे लोक इथे हात आखडता घेतात, कारण लावलेले काढून टाकायचे जिवावर येते. पण काम करते ते आत गेलेले वॅक्स. वर उरलेला थर बर्फाला धरतो.

थंड बर्फाचे स्फटिक टोकदार असतात आणि मऊ वॅक्समध्ये रुततात, म्हणून उणे दहाच्या खाली टणक वॅक्स. शून्याच्या आसपास मऊ. गुलमर्गला एकाच दिवसात खालच्या उतारावर आणि वर अफरवट डोंगरावर तापमानात मोठी तफावत असते. 2650 मीटरवर एक बर्फ आणि जवळपास 4000 मीटरवर दुसराच. शिकाऊंनी सर्व तापमानांचे एकच वॅक्स घ्यावे आणि पुढे जावे.

एकदाच लावायचे ‘कायमचे’ नॅनो कोटिंग घ्यावे का?

यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. पहिली, तळात मुरून तिथेच घट्ट होणारी पॉलिमरची प्रक्रिया. वॅक्सिंगचा कंटाळा असणाऱ्या पर्यटकाला ती सोयीची असते, मात्र ऐन मोसमात ताज्या वॅक्सइतका वेग ती देईलच असे नाही. शिवाय तळ पुन्हा दगडावर घासला की वरचा भाग जातो आणि ‘कायमचे’ हा शब्द तिथे संपतो. दुसरी गोष्ट म्हणजे बाटलीतला फवारा, पुसला की झाले. त्यावर ‘नॅनो’ लिहिलेले असते आणि आत काय आहे हे बहुधा लिहिलेले नसते. जे काय आहे ते सांगत नाही, ते उघड्या हातांनी लावू नये, एवढे माझे मत.

फ्लोरो वॅक्सवर बंदी का आली?

1990च्या दशकापासून स्पर्धेत फ्लोरिनयुक्त वॅक्सचा बोलबाला होता. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध रसायनशास्त्रातल्या सर्वांत पक्क्या बंधांपैकी एक. पाणी, तेल, मळ काहीच त्याला धरत नाही. ओल्या बर्फावर या वॅक्सने स्की खरोखरच सुटत असे आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागणारे निकाल त्यावर फिरत.

हाच पक्का बंध निसर्गातही तुटत नाही. ही पीएफएएस नावाच्या फ्लोरिनयुक्त कुटुंबातली रसायने माती, पाणी आणि रक्तात साठत जातात. बंद खोलीत गरम इस्त्रीखाली त्यांची वाफ आणि भुकटी रोज श्वासात घेणाऱ्या वॅक्स तंत्रज्ञांच्या रक्तात पीएफओए हे त्यातलेच एक रसायन सामान्य माणसांपेक्षा खूप जास्त आढळले. स्पर्धक पदक घेऊन जायचे, हे लोक मागच्या व्हॅनमध्ये.

निसर्गात न विघटणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराने 2019 मध्ये पीएफओएला जागतिक बंदीच्या यादीत घातले, युरोपीय संघाची बंदी जुलै 2020 पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2019 मध्येच बंदी जाहीर केली होती, पण मोजणारे यंत्र भरवशाचे होईपर्यंत ती पुढे ढकलली जात राहिली आणि 2023-24च्या मोसमापासून पूर्णपणे अमलात आली. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डनला मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत नॉर्वेची राग्नहिल्ड मोविंकेल चाचणीनंतर अपात्र ठरली. या नियमाखाली बाद झालेली ती पहिली खेळाडू. तपासणी इन्फ्रारेड यंत्राने होते. स्कीच्या तळावर जुन्या ब्रशमधून किंवा टेबलावरून आलेला अंशही त्यात सापडू शकतो, त्यामुळे संघांना जुनी हत्यारे सुद्धा बदलावी लागली.

आपल्यासाठी एवढेच: जुन्या सामानाबरोबर कोणी फ्लोरो वॅक्सची वडी फुकट दिली तर घेऊ नका. साधे हायड्रोकार्बन वॅक्स, म्हणजे पॅराफिनच्या घरातले, पुरेसे आहे.

तळाला दगडाचा ओरखडा पडला. स्की गेली का?

नखाने जाणवणारा उथळ ओरखडा सोडून द्या. खोल चर असेल आणि आतले लाकूड किंवा फायबर दिसत नसेल तर पी-टेक्सच्या कांडीने भरता येतो. कांडीचे टोक पेटवायचे, ज्योत शक्य तितकी लहान आणि निळी ठेवायची, आणि थेंब चरात पाडायचे. ज्योत पिवळी होऊन धूर करायला लागली की थेंबात काजळी उतरते, भरलेल्या जागी काळे ठिपके दिसतात आणि तो भाग नीट धरत नाही. म्हणून कांडी तळाच्या अगदी जवळ धरायची आणि पहिला काजळलेला थेंब बाजूला टाकायचा. गार झाल्यावर वर आलेला फुगा धारदार पट्टीने तासून सपाट करायचा. खिडकी उघडी हवी.

आतला गाभा उघडा पडला असेल तर हा घरगुती उपाय नको. लाकडात पाणी शिरते, रात्री गोठते, फुगते, आणि तळ सुटायला लागतो. तिथे तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागतो. कमी बर्फाच्या दिवसांत दगड वर आलेले असतात, तेव्हा स्वतःची नवी स्की न काढता भाड्याची वापरणे शहाणपणाचे.

वरच्या रंगीत बाजूचे प्लास्टिक नुसते शोभेचे का?

नाही. नायलॉन, एबीएस किंवा टीपीयूची ही पातळ चादर लाकडी गाभ्यात पाणी आणि ऊन जाऊ देत नाही. चांगल्या स्कीत चित्र या पारदर्शक चादरीच्या आतल्या बाजूने छापलेले असते, म्हणून दुसऱ्या स्कीची कड लागली तरी चित्र जात नाही, फक्त पांढरी रेघ उमटते. कडेला टवका उडून चादर सुटली असेल तर मात्र इपॉक्सी लावून लगेच बंद करा.

गॉगलवर किती थर असतात? आतून पुसला की खराब होतो हे खरे का?

खरे, आणि सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात.

गॉगलची काच काच नसते, पॉलिकार्बोनेट असते. आपटले तरी सहसा फुटत नाही, पण ओरखडे फार लवकर पडतात, म्हणून बाहेरच्या बाजूला टणक थर चढवतात. त्यावर आरशासारखा थर असेल तर तो चकाकी कमी करतो. चांगल्या गॉगलला दोन काचा असतात, मध्ये हवा. आतल्या काचेच्या डोळ्याकडच्या बाजूला धुके न धरणारा थर असतो. हा थर पाण्याला दूर लोटत नाही, उलट शोषून पसरवतो. थेंब बनण्याऐवजी पाण्याचा सलग पारदर्शक पापुद्रा होतो आणि आरपार दिसत राहते. ओला असताना हा थर मऊ पडतो. तेव्हा हातमोज्याने किंवा मफलरने घासला की तो तिथल्या तिथे निघतो, आणि त्या जागी पुढे कायम धुके धरते. बर्फ आत गेला तर गॉगल झटकायचा, मऊ कापडाने नुसते टिपायचे, वाळू द्यायचे. पडल्यावर गॉगल कपाळावर चढवण्याची सवयही सोडा. घामाची वाफ थेट आत जाते.

गडद काच म्हणजे अतिनील किरणांपासून जास्त संरक्षण, असे नाही. पॉलिकार्बोनेट रंग नसतानाही ते किरण अडवते. रंग आहे तो उजेडासाठी. एस-3 श्रेणीची काच 8 ते 18 टक्के उजेड आत सोडते आणि कडक उन्हाला बरी, एस-1 43 ते 80 टक्के सोडते आणि ढगाळ दिवसाला. एकच घ्यायचा असेल तर मधली एस-2. उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे रस्त्यावरचा शंभर-दोनशे रुपयांचा गॉगल इथे चालणार नाही.

हेल्मेटला स्टिकर लावू का?

कंपनीने चालते म्हटले असेल तर लावा. बाहेरचे कवच एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचे असते आणि काही गोंद किंवा रंगातली द्रावके ते ठिसूळ करतात, तेही न दिसता. धक्का खरा झेलतो तो आतला थर्माकोलसारखा थर, आणि तो एकदाच दबतो. जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून चकाचक दिसले तरी बदलायचे. ईएन 1077 किंवा एएसटीएम एफ 2040 हे सुरक्षेचे मानक आत छापलेले आहे का, ते बघा.

दहा वर्षे कपाटात होते, कोणी फारसे वापरले नाही, असे स्की बूट घ्यावेत का?

घेऊ नका. मुंबई, ठाणे, कोकणातले कपाट असेल तर अजिबात नको.

1960च्या दशकात चामड्याच्या जागी प्लास्टिकचे स्की बूट आले आणि घोट्यापासूनची पकड एकदम बदलली. बहुतेक कवचे पॉलियुरेथेनची असतात, कारण थंडीत ते फार कडक होत नाही आणि वाकणे एकसारखे राहते. पण त्याच्या काही जातींना हवेतल्या दमटपणाचे वावडे असते. पाण्याची वाफ हळूहळू त्या लांब साखळ्या तोडत जाते. वापर नसला तरी हे चालूच असते. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, आणि उतारावर एक दिवस टाचेपाशी तडकतो. ट्रेकच्या बुटांचा सोल पहिल्याच पावसात आख्खा सुटून हातात आलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कारण बहुतेकदा हेच.

जुना बूट पाहताना बकलांच्या खिळ्यांभोवती आणि टाचेच्या कडेला केसासारख्या भेगा आहेत का ते उजेडात बघा. अंगठ्याच्या नखाने कवच दाबून पाहा. पृष्ठभाग चिकट लागला किंवा पीठ सुटल्यासारखे वाटले तर बूट संपला. आतला मऊ बूट काढून वाळवता येतो, कवचावर मात्र इलाज नाही.

जॅकेटला पाणी धरायला लागले. कोटिंग संपले, नवीन घेऊ?

आधी धुऊन बघा. जॅकेटमध्ये दोन गोष्टी असतात: आतला पातळ पडदा, जो पाणी अडवतो आणि घामाची वाफ जाऊ देतो, आणि बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप. पाणी धरते ते बहुधा बाहेरच्या लेपात मळ, तेल आणि सॅकच्या पट्ट्यांचे घर्षण झाल्यामुळे. सौम्य द्रव साबणाने धुवा, कपडे मऊ करणारे लिक्विड घालू नका, दोनदा खंगाळा. मग लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरची किंवा मंद इस्त्रीची ऊब द्या. ऊब मिळाली की लेपाचे रेणू पुन्हा उभे राहतात आणि थेंब टपोरे होऊन घरंगळतात. नाहीच झाले तर पुन्हा लावायचा लेप बाटलीत मिळतो.

आतला पडदा वर्षानुवर्षे पीटीएफई, म्हणजे फ्लोरिन असलेले टेफ्लॉन, ताणून बनवला जायचा. बॉब गोर यांनी 1969 मध्ये शोधलेली ती पद्धत. फ्लोरिनच्या प्रश्नामुळे आता गोर यांचीच कंपनी पॉलिथिलीनच्या पडद्याकडे वळली आहे. नवे फ्लोरिनमुक्त लेप पाणी झटकतात, पण तेल आणि घामाचा मळ पूर्वीइतका झटकत नाहीत, म्हणजे जॅकेट जास्त वेळा धुवावे लागते. पावसाळ्यात सह्याद्रीत तेच जॅकेट वापरणाऱ्यांनी मोसम संपल्यावर धुवूनच ठेवावे, चिखल वाळलेला तसाच ठेवू नये.

स्की परत आणल्यावर पावसाळाभर कशी ठेवावी?

तळ आणि स्टीलच्या कडा पुसून कोरड्या करा. मग तळावर आणि कडांवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका, पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच असू द्या. दमट हवेत कडा आठवड्यात तांबूस होतात, वॅक्सखाली होत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत पाणी साचते. माळ्यावर पत्र्याखालीही नको.

स्की सोडून बाकीच्या बर्फाच्या खेळांत?

कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवायच्या खेळात, एका बुटाच्या तळव्याला पीटीएफईची चकती असते, तिच्यावर खेळाडू दगड सोडताना घसरत जातो. आइस हॉकीच्या मैदानाच्या कडेच्या फळ्यांना पॉलिथिलीनचे आवरण असते. बॉबस्ले या शर्यतीच्या घसरगाडीला मात्र बर्फाला लागणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांवर कसलाही लेप चालत नाही.

भाड्याची स्की घेताना काय बघू?

तळ वर करून उजेडाकडे तिरका धरा. कडेलगत पांढरट, लव आल्यासारखा पट्टा दिसला तर तळ कोरडा पडला आहे, वॅक्स मारून मागा. कड तुटलेली किंवा तळापासून सुटलेली नको. बुटाच्या तळव्याचे टोक आणि टाच फार झिजलेली नकोत, कारण स्कीवर बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगची पकड त्यावर ठरते.

आणि बाइंडिंगच्या पुढच्या भागात, बुटाचे टोक जिथे टेकते, तिथे एक पांढरी गुळगुळीत चकती किंवा सरकणारी पट्टी असते. ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाय पिरगळून पडताना बूट बाजूला सरकून सुटावा म्हणून ती आहे, आणि अनेक बाइंडिंगमध्ये ती पीटीएफईची असते. ती फाटलेली, निघालेली किंवा चिखलाने माखलेली असेल, तर किती जोराला सुटावे याच्या आकड्यांवर बरोबर बसवलेले बाइंडिंगही वेळेवर सुटत नाही आणि मार गुडघ्याला बसतो. चिखल असेल तर पुसून टाका. फाटली असेल तर दुसरी जोडी मागा, दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणाला तरी.